रात्री नऊनंतर पिंग चढतो, गेम अडकतो : दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधायचं कसं

"प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, स्पीड टेस्टही पूर्ण १०० दाखवते, मग रात्री पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) दोनशेवर का जातो?" हा प्रश्न इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलाय की उत्तर एकदाच नीट लिहून ठेवलेलं बरं. पुढचं सगळं मुख्यतः पीसीवरच्या काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंटला धरून आहे. फोनवर बीजीएमआय खेळणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. फोनचं गणित जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

आधी स्पीडचा विषय संपवून टाकू. शूटर गेमला मॅच चालू असताना स्पीड फारसा लागतच नाही, एक-दोन एमबीपीएसच्या वर तो सहसा जात नाही. १०० चा प्लॅन ३०० चा करून घेतलात तर नवा अपडेट लवकर उतरेल, पण पिंग होता तिथेच राहील. गेमला हवी असतात ती वेळेवर येणारी छोटी छोटी पॅकेट्स, म्हणजे माहितीचे तुकडे. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा जगाची स्थिती ताजी करतो, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदाला एकदा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये तेच ६४ वेळा होतं, दर १५.६ मिलिसेकंदाला. यातलं एखादं पॅकेट उशिरा पोचलं तर ते वरातीमागून घोडं, कारण तोवर शत्रू पुढे गेलेला असतो. म्हणूनच हे गेम टीसीपी (हरवलेलं परत मागवणारी पद्धत) न वापरता यूडीपी (न मागवणारी) वापरतात. हरवलेलं पॅकेट परत मागवत बसण्यापेक्षा पुढचं घेतलेलं बरं, असा तो हिशोब आहे.

स्पीड टेस्टचा तो १०० चा आकडा यातलं काहीच सांगत नाही. पाणी किती आलं ते तो सांगतो, वेळेवर आलं का ते नाही.

लक्षण आधी ओळखा

आपल्याकडे सगळ्याला सरसकट "लॅग" म्हणायची सवय आहे. फ्रेम (सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रं) पडल्या तरी लॅग, पिंग चढला तरी लॅग, समोरच्याने चांगला नेम मारला तरीही लॅग. पण प्रत्येकाचं लक्षण वेगळं दिसतं आणि बहुतेक वेळा तिथूनच अर्धा शोध लागतो.

माऊस हलवल्यावर स्वतःची नजरच जडपणे फिरत असेल, भिंतीकडे एकट्याने बघतानाही झटके बसत असतील, तर नेटचा संबंध जवळपास नाही. तुमची नजर तुमच्याच मशीनवर फिरते, तिला सर्व्हरला विचारावं लागत नाही. हा फ्रेमचा प्रश्न आहे, त्याकडे नंतर येऊ.

नजर मस्त फिरतेय, पण बाकीचे खेळाडू जागच्या जागी थिजतात आणि मग एकदम भराभर पळतात, तर सर्व्हरकडून तुमच्याकडे येणारी पॅकेट्स अडकताहेत. याउलट तुम्ही पुढे गेलात आणि गेमने ओढून मागे आणून ठेवलं, दार उघडायला दोनदा बटण दाबावं लागलं, गोळ्या सुटल्या पण लागल्याच नाहीत, तर तुमच्याकडून सर्व्हरकडे जाणारी पॅकेट्स गळताहेत. तुमच्या मशीनने "हा पुढे गेला" असं गृहीत धरून तुम्हाला पुढे दाखवलं, सर्व्हरला ते कळलंच नाही, म्हणून त्याने दुरुस्ती केली. स्वतःची हालचाल सर्व्हरची वाट न बघता लगेच दाखवायची ही पद्धत १९९६ च्या क्वेकवर्ल्डपासून चालत आलेली आहे. क्वेकचा प्रोग्रामर जॉन कार्मॅकने ती डायल-अप मोडेमवर खेळणाऱ्यांसाठी आणली होती. आजही प्रत्येक शूटर याच पायावर उभा आहे.

आणखी एक सोपी खूण. गेम अडकला त्याच क्षणी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर मित्राचा आवाजही तुटला, तर दुखणं घरात किंवा तुमच्या नेटवाल्याकडे आहे. आवाज व्यवस्थित आणि फक्त गेम अडकतोय, तर गेमचा सर्व्हर, त्याकडे जाणारा रस्ता किंवा तुमचा पीसी. मॅचमधले दहाच्या दहा जण चॅटमध्ये बोंबलत असतील, तर गप्प बसा, सर्व्हरच आजारी आहे. राउटरला हात लावू नका.

गेममधले आकडेही सुरू करून ठेवा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सेटिंग्जच्या गेम टॅबखाली टेलिमेट्री आहे, व्हॅलोरंटमध्ये व्हिडिओ टॅबमध्ये स्टॅट्स आहेत. पिंग, पॅकेट लॉस (किती टक्के पॅकेट्स गळाली) आणि फ्रेम रेट हे तीन समोर असले की वाद मिटतात. फक्त एक लक्षात ठेवा, स्कोअरबोर्डवरचा पिंग हा सरासरी काढलेला, सावकाश बदलणारा आकडा असतो. अर्ध्या सेकंदाची उसळी त्यात दिसतच नाही. सतत ७० पिंग असलेला माणूस सुखाने खेळतो, २५ वरून १४० वर आणि परत खाली येणारा मात्र वैतागतो. या वरखाली होण्यालाच जिटर म्हणतात, आणि बहुतेकांचं खरं दुखणं तेच असतं.

दोन काळ्या खिडक्या

आता मुख्य चाचणी. यासाठी काहीही विकत किंवा डाउनलोड करायची गरज नाही.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग (ipconfig) टाका. "डिफॉल्ट गेटवे" म्हणून जो आकडा दिसेल तो तुमच्या राउटरचा पत्ता, बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आता पिंग ही कमांड, पुढे तो पत्ता, शेवटी डॅश टी (उदा. ping 192.168.1.1 -t). ही खिडकी राउटरशी बोलत राहील. दुसरी खिडकी उघडून तीच कमांड द्या, पण पत्ता ८.८.८.८, हा गूगलचा सगळ्यांसाठी खुला सर्व्हर. ही घराबाहेर जाऊन येत राहील. दोन्ही शेजारी शेजारी लावा आणि चालू ठेवूनच मॅच खेळा. गेम अडकला की लगेच ऑल्ट-टॅब करून दोन्हीकडे बघा.

राउटरच्या खिडकीतच १, २, १, ८५, २१०, "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" असं काही दिसलं तर पॅकेट अजून तुमच्या घराबाहेर पडलेलंही नाही. नेटवाल्याला फोन करून उपयोग नाही, वायफायकडे वळा. राउटरची खिडकी १-२ वर ठाम आणि बाहेरची मात्र १५ वरून ३०० वर, तर राउटरच्या पलीकडे किंवा राउटरच्या दारातच काहीतरी साचतंय. दोन्ही खिडक्या शांत आणि गेम तरीही अडकतोय, तर पीसी किंवा गेमचा सर्व्हर.

वायर लावलेल्यांनी राउटरची खिडकी तरीही बघावी. मी अशी केबल पाहिलीये की पिन नीट न दाबल्यामुळे आठपैकी चारच तारा जुळत होत्या. लॅन चालू, दिवा लागलेला, पण विंडोजमध्ये लिंक स्पीड १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस, आणि केबलला धक्का लागला की दोन सेकंद नेट गायब. नेटवर्क अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये हा लिंक स्पीड दिसतो, एकदा बघून घ्या. केबल साधी कॅट ५ई पुरते. "कॅट ८ गेमिंग केबल" हा शुद्ध धंदा आहे.

दारात साचलेली रांग

आता त्या रात्री नऊच्या तक्रारीकडे येऊ, कारण माझ्या मते दर दहातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच निघतं आणि नेमकं इकडेच कोणी बघत नाही.

वरच्या दोन खिडक्या चालू असताना फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर टाका. अपलोड, डाउनलोड नाही. आता बाहेरची खिडकी बघा. १४, १५, १४ असं शांत चाललेलं असतं आणि अपलोड सुरू होताच ६०, १४०, २२०, ३१०. अपलोड थांबवला की काही क्षणांत परत १५. तुमच्याकडे असं झालं तर आजार सापडला. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटीस या अभियंत्याने २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या नेटवर याचा छडा लावला आणि हे नावही रूढ केलं.

होतं असं. राउटरमध्ये किंवा मोडेममध्ये जाणाऱ्या पॅकेट्ससाठी थोडी मेमरी असते. बाहेरची लाइन भरली की पॅकेट्स तिथे रांगेत थांबतात. उत्पादकांना वाटतं पॅकेट टाकून देणं वाईट, म्हणून मेमरी सढळ हाताने देतात. समजा रांगेत ५१२ केबी मावतात आणि तुमची अपलोड १० एमबीपीएस आहे. तेवढा साठा बाहेर पडायला जवळपास ४२० मिलिसेकंद लागतात. तुमचं शंभर-सव्वाशे बाइटचं गेमचं पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं, आणि पिंग तेवढाच वाढतो. लाइनचा एकही दोष नाही. घरात कोणीतरी फोटो चढवतंय, एवढंच.

आणि रात्री नऊला नेमकं काय होतं? सगळे घरी आलेले असतात, सगळ्यांचे फोन वायफायला जोडले जातात आणि दिवसभरातले फोटो-व्हिडिओ मुकाट्याने वर चढायला लागतात. लग्नसराईत तर बघायलाच नको. दारावरचा सीसीटीव्ही क्लाउडवर रेकॉर्डिंग टाकत असेल तर तो चोवीस तास अपलोड करतो, आणि त्याच्यावर कोणाचा संशयही जात नाही. भरीला विंडोज स्वतःच तुमच्या पीसीवरचे अपडेट इंटरनेटवरच्या दुसऱ्या पीसींना वाटत बसू शकतो. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाच्या सेटिंगमध्ये हे बंद करता येतं. करून टाका.

फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडइतकाच असतो, त्यामुळे तिथे हा त्रास कमी जाणवतो, पण संपत नाही. ५० एमबीपीएसच्या अपलोडवर तेवढीच रांग ८० मिलिसेकंदांच्या आसपास घेते. ५जी वर चालणारं घरचं वायरलेस नेट असेल तर अपलोड बराच कमी मिळतो आणि त्रास जास्त.

उपाय दोन प्रकारचे. फुकटचा उपाय म्हणजे कोण अपलोड करतंय ते शोधून त्याला लगाम घालणं. आईबाबांच्या फोनवरचा फोटो बॅकअप खेळायच्या वेळेपुरता थांबवा आणि रात्री झोपताना परत चालू करा. सीसीटीव्हीची क्लाउड गुणवत्ता एक पायरी खाली आणा. काउंटर-स्ट्राइक ज्यावरून उतरतो त्या स्टीम ॲपच्या डाउनलोड सेटिंगमध्ये वेगाची मर्यादा घाला, आणि खेळताना डाउनलोड थांबवण्याचा पर्याय चालू ठेवा.

पक्का उपाय राउटरमध्ये आहे. एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू असा पर्याय असलेला राउटर रांग साचूच देत नाही. फुगलेल्या प्रवाहातली पॅकेट्स तो थोडी मागे धरतो आणि बारीक पॅकेट्सना लगेच वाट देतो. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेला कोडेल आणि त्याच्यावरून पुढे आलेले एफक्यू-कोडेल, केक हे त्यामागचे अल्गोरिदम. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं फुकट सॉफ्टवेअर टाकता येणाऱ्या राउटरवर हे फुकट मिळतं. चालू करताना अपलोड आणि डाउनलोड दोन्हींची मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ८५ ते ९० टक्के ठेवायची. इथे लोक कचरतात, "पैसे भरलेत १०० चे, ९० का घेऊ?" म्हणून. पण मर्यादा लाइनच्या किंचित खाली असेल तरच रांग तुमच्या राउटरात राहते, नेटवाल्याच्या उपकरणात नाही, आणि तिथेच तिच्यावर तुमचा ताबा असतो.

साध्या राउटरमधलं "क्यूओएस" (कोणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) मात्र भरवशाचं नाही. काहींमध्ये ते नीट चालतं, काहींमध्ये चालू केल्यावर राउटरचा प्रोसेसरच दमतो. चालू करून वरची अपलोडची चाचणी परत करा. आकडा उतरला तर ठेवा, नाहीतर बंद.

वायफाय

राउटरच्या खिडकीतच उसळ्या दिसल्या तर सर्वात चांगला उपाय म्हणजे वायर. भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही हे मान्य, पण स्कर्टिंगला धरून चपटी लॅन केबल खिळे न मारताही नेता येते.

ते शक्यच नसेल तर निदान २.४ गिगाहर्ट्झ सोडा. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. चार मजली सोसायटीत वीस राउटर त्या तीन चॅनेलवर भांडत असतात, त्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. वायफायवर पॅकेट नीट पोचलं नाही तर रेडिओ ते पुन्हा पुन्हा पाठवतो, त्यामुळे गेमला लॉस दिसत नाही, जिटर दिसतो. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या आणि पीसी फक्त त्यालाच जोडा. नाव एकच ठेवलं तर लॅपटॉप मनमानी करतो.

उसळी ठरावीक अंतराने येत असेल, अगदी घड्याळ लावल्यासारखी दर मिनिटाला, तर वायफाय कार्ड आजूबाजूची नेटवर्क शोधतंय. लोकेशन सेवा बंद करून बघा, कार्डचा ड्रायव्हर ताजा करा. आणि अधूनमधून नेट पूर्ण मिनिटभर गायब होऊन आपोआप येत असेल, तर ५ गिगाहर्ट्झमधला रडारसाठी राखीव चॅनेल लागलेला असू शकतो. त्या चॅनेलवर रडारचा संकेत ऐकू आला की राउटरला चॅनेल सोडावा लागतो, आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर आधी ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. चॅनेल ऑटोवरून काढून ३६ ते ४८ मधला एखादा पक्का करा.

राउटर बंद-चालू केला की सगळं सुरळीत होतं असं ज्यांच्याकडे होतं, त्यांनी आधी इकडेच शोधावं. ऑटोवर असलेला राउटर चालू होताना नवा चॅनेल निवडतो, म्हणून तासभर बरं वाटतं.

बीजीएमआयवाल्यांसाठी : फोन मोबाइल डेटावर असेल तर ४जी-५जीची ये-जा हे उसळ्यांचं मोठं कारण असतं. घरात ५जीच्या दोनच काड्या दिसत असतील तर फोन फक्त ४जीवर ठेवून एक संध्याकाळ खेळून बघा. आकडा जास्त पण स्थिर मिळाला तर तोच घ्या. आणि चार्जिंगला लावून खेळू नका, फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो.

फ्रेमचं दुखणं

हे थोडक्यात. सेकंदाला १४४ फ्रेम असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी ६.९ मिलिसेकंद मिळतात, ६० ला १६.७. सरासरी फ्रेम रेट २०० दिसतो आणि तरी झटके बसतात याचा अर्थ मधल्या काही फ्रेम ४०-५० मिलिसेकंद घेताहेत. लॅपटॉप असेल तर पहिला संशय उष्णतेवर. मे महिन्यात विदर्भात एसीशिवाय गेमिंग लॅपटॉप गादीवर ठेवून खेळणाऱ्याने नेटवाल्याला शिव्या देऊ नयेत. दुसरा संशय रॅमवर. आठ जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरी टाका, विशेषतः ग्राफिक्स कार्ड वेगळं नसेल तेव्हा. फरक डोळ्यांना दिसतो.

मॉनिटर १४४ हर्ट्झचा घेतला आणि विंडोजमध्ये तो ६० वरच राहिला, हे फार घरांत आढळतं. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये बघा. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या तालावर थांबवणारा पर्याय) बंद ठेवा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर रिफ्लेक्स (उशीर कमी करणारा पर्याय) चालू करा. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलल्यावर काउंटर-स्ट्राइक २ मध्ये पहिले एक-दोन नकाशे अडखळतात, कारण शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) नव्याने तयार होत असतात. तेव्हा रँक्ड खेळू नका, डेथमॅचमध्ये थोडं फिरून या.

व्हॅलोरंट विंडोज ११ वर सुरूच होत नाही आणि व्हॅन ९००१ किंवा ९००३ असा एरर दाखवतं, तर तो लॅग नाहीच. व्हॅनगार्ड या व्हॅलोरंटच्या चीटिंग रोखणाऱ्या प्रोग्रामला बायोसमध्ये टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू लागतात.

"भिंतीमागे गेलो होतो, तरी मेलो"

यावर बिघाड शोधत बसलात तर आयुष्य जाईल, कारण बिघाड नसतोच. गणित बघा.

तुम्ही नागपुरात, मुंबईच्या सर्व्हरला पिंग ३०. समोरचा दुसरीकडे, पिंग ६०. तुम्ही आडोशामागे सरकलात. ती बातमी सर्व्हरला पोचायला १५ मिलिसेकंद, तिथून त्याच्या पडद्यावर जायला ३०. तेवढा वेळ तुम्ही त्याला उघड्यावरच दिसता. त्या शेवटच्या क्षणी त्याने गोळी झाडली, ती सर्व्हरला पोचायला ३०, आणि "तू मेलास" हे तुम्हाला कळायला आणखी १५. एकूण ९० मिलिसेकंद, म्हणजे दोघांच्या पिंगची बेरीज. गेमचं स्वतःचं बफरिंग (पॅकेट्स थोडी साठवून मग दाखवणं) वर वेगळंच. काउंटर-स्ट्राइकमध्ये एके-४७ बंदूक घेऊन पळणारा सेकंदाला २१५ युनिट जातो, म्हणजे ९० मिलिसेकंदांत १९. खेळाडूची रुंदी ३२ युनिट. अर्ध्याहून जास्त शरीर आडोशात गेल्यावर तुम्ही मरता, आणि तुमच्या पडद्यावर ते सरळसरळ अन्यायाचं दिसतं.

सर्व्हर असं का मान्य करतो? कारण तो घड्याळ मागे फिरवून बघतो की गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होतं. काउंटर-स्ट्राइकच्या व्हॉल्व्ह कंपनीतल्या यान बर्नियरने २००१ मध्ये ही पद्धत सविस्तर लिहून ठेवली, आणि तिच्या तोट्यात हे भिंतीमागचं मरणही आधीच नोंदवलं. ही पद्धत काढली तर तुम्हाला शत्रूच्या पुढे अंदाजाने नेम धरावा लागेल, जसा १९९० च्या दशकात धरावा लागायचा. मला विचाराल तर आहे ते बरं आहे. कोपऱ्यावरून अचानक बाहेर येणाऱ्याला वाट बघत बसलेल्यापेक्षा थोडा आधी दिसतं, तेही यातूनच येतं. त्यावर उपाय सेटिंगमध्ये नाही, खेळण्यात आहे. एकाच कोनावर पुतळा होऊन बसू नका.

इथे नेटवर्क बफरिंगचा पर्याय लोक उलटा वापरतात. दोन्ही गेममध्ये तो आहे. पॅकेट गळत असतील तर बफर वाढवल्याने झटके कमी होतात, पण तेवढाच उशीरही वाढतो. लाइन चांगली असेल तर तो किमानच ठेवा.

अंतराचं तर काहीच करता येत नाही. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १,००० किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. न्यू जर्सीतला मित्र मुंबईच्या सर्व्हरवर येणार असेल तर सरळ रेषेतलं अंतरच साडेबारा हजार किलोमीटर आहे. सव्वाशे मिलिसेकंद निसर्गाचे, आणि तार काही सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे दोनशेच्या आसपास धरून चाला. दुबईवाल्यांचं बरं चालतं. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हा भारताचा पश्चिमेकडचा काही प्रवाह लांबून वळवावा लागला. अशा वेळी युरोपच्या सर्व्हरवर खेळणाऱ्याने सेटिंग बदलत बसू नये, मुंबई किंवा सिंगापूर निवडावं.

सगळं करून उरलं ते नेटवाल्याचं

वायर लावली, अपलोड थांबवले, सगळ्यांचे फोन वायफायवरून काढले, तरी राउटरची खिडकी शांत आणि बाहेरची रात्रीच बिघडते, सकाळी सातला मात्र निर्मळ असते. आता नेटवाल्याची पाळी. एकतर त्याने पुढे घेतलेली क्षमता संध्याकाळच्या गिऱ्हाइकांना पुरत नाही, किंवा तुमचा प्रवाह तो भलत्याच रस्त्याने नेतोय. मुंबईच्या सर्व्हरचं पॅकेट चेन्नई किंवा सिंगापूर फिरून येणं अशक्य नाही.

विनएमटीआर हे रस्त्यातल्या प्रत्येक टप्प्याचा पिंग आणि लॉस दाखवणारं फुकटचं साधन घ्या, पत्ता ८.८.८.८ द्या आणि दहा मिनिटं चालू ठेवा, एकदा सकाळी आणि एकदा रात्री. काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हर व्हॉल्व्हच्या रिले जाळ्यामागे लपलेला असल्यामुळे थेट त्याचा पत्ता मिळत नाही, म्हणून हा आडमार्ग. वाचताना एक चूक सगळे करतात. मधल्या एखाद्या टप्प्यावर ४० टक्के लॉस दिसतो आणि लोक त्याचा स्क्रीनशॉट लाल गोल करून पाठवतात. पण त्याच्या पुढच्या टप्प्यांवर लॉस शून्य असेल तर तो राउटर फक्त पिंगला उत्तर द्यायला आळस करतोय, तुमचं पॅकेट नीट पुढे जातंय. लॉस ज्या टप्प्यावर सुरू होतो आणि शेवटपर्यंत टिकतो, तोच खरा.

फायबर असेल तर भिंतीवरच्या डब्याच्या सेटिंग पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे तारेतून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसतो. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेला तर तार कुठेतरी मुडपलीये, जोड खराब झालाय किंवा उंदराने हात मारलाय. नेटवाल्याचा माणूस येऊन जोड नव्याने केल्याशिवाय ते सुधारत नाही.

तुमचा प्रवाह दुसऱ्या रस्त्याने नेणारा "गेमिंग व्हीपीएन" कामाला येतो तो फक्त रस्ता चुकीचा असेल तेव्हा, आणि तेव्हा खरोखर येतो. चाचणीपुरता एकदा वापरून पाहा. पिंग उतरला तर नेटवाल्याचा रस्ता वाईट आहे याचा पुरावाच मिळाला. डीएनएस बदलून मात्र पिंग कमी होत नाही. डीएनएस फक्त सुरुवातीला पत्ता शोधून देतो, मॅचमध्ये त्याचं कामच नसतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत टीसीपीचे आकडे बदलण्याचे व्हिडिओही सोडून द्या, गेम यूडीपीवर चालतो हे वर आलंच आहे.

तक्रार करताना "गेम लॅग होतो" असं लिहिलंत की पलीकडचा माणूस स्पीड टेस्ट करून १०० दाखवतो आणि तक्रार बंद करतो. "गेम" हा शब्दच वापरू नका. "लॅन केबलवर, बाकी उपकरणं बंद असताना, सकाळी ७ ला ८.८.८.८ ला १४ मिलिसेकंद आणि शून्य लॉस, रात्री साडेनऊला ११० मिलिसेकंद आणि ४ टक्के लॉस, लॉस तिसऱ्या टप्प्यापासून शेवटपर्यंत" असे तुमचे खरे आकडे लिहा, दोन्ही वेळचे विनएमटीआरचे निकाल जोडा आणि तक्रार क्रमांक घ्या. तरीही बंद केली तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे अपील करा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार ही व्यवस्था ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे, आणि अपिलात तोच तक्रार क्रमांक लागतो.